वडिलांचा हात दहा मिनिटं लुळा पडला आणि आपोआप बरा झाला. तरी डॉक्टरांकडे न्यायचं का?

हो, आत्ताच न्या. नौपाड्यात आमच्या बाबांच्या हातून चहाचा कप निसटला, तोंड वाकडं झालं. पंधरा मिनिटांत सगळं ठीक. ‘पित्त असेल’ म्हणत आम्ही दोन दिवस घालवले, ते अजून सलतं. हा मिनी स्ट्रोक, डॉक्टरी भाषेत टीआयए: मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो. मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल तपासतात. अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका. मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे आधी स्कॅनमध्ये पाहावं लागतं. पुढे बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी सोडू देऊ नका. पुन्हा झालं तर लगेच १०८, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर तेच आधी विचारतात.