वरची पायरी उतरती का?

प्रश्न : पाच पातळ्यांचा स्विच्ड कपॅसिटर इन्व्हर्टर केलाय (डीसीचा पायऱ्यापायऱ्यांचा एसी करणारं सर्किट; कपॅसिटर इनपुटला समांतर जोडून चार्ज होतो, मग एकसर जोडला की 200 व्होल्टची वरची पायरी मिळते). इनपुट 100 व्होल्ट, आउटपुट 50 हर्ट्झ, शिखर प्रवाह 2 अँपिअर, कपॅसिटर 220 मायक्रोफॅरड. 200 व्होल्टची पायरी उतरती दिसते, शिवाय चार्जिंगचा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतो.
— एक विद्यार्थी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दोन्हींचं मूळ तो कपॅसिटरच. दर क्षणी साइन लहरीला सर्वांत जवळची पातळी निवडणारं स्विचिंग धरलं, तर वरची पायरी सुमारे 4.6 मिलिसेकंद टिकते. तेवढ्यात 8.4 मिलिकूलंब विद्युतभार निघून जातो, म्हणजे 38 व्होल्टची घट! कपॅसिटर इनपुटला पुन्हा समांतर जोडताच, मार्गातला रोध 0.3 ओहम धरला तर, सव्वाशे अँपिअरचा झटका बसतो. मॉस्फेट टिकणार कसा? 1000 मायक्रोफॅरड, 160 व्होल्ट, कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा. घट साडेआठ व्होल्टांवर येईल. चार्जिंगच्या वाटेत 100 मायक्रोहेन्रीचं इंडक्टर (प्रवाह एकदम वाढू न देणारं वेटोळं) घाला, झटका 27 अँपिअरच्या आत राहील. त्याला फ्रीव्हीलिंग डायोड (स्विच बंद झाल्यावर इंडक्टरच्या प्रवाहाला वाट देणारा) हवाच, नाहीतर स्विच बंद होताना व्होल्टेज उसळून मॉस्फेट पुन्हा जाईल. इंडक्टरचा गाभा 30 अँपिअरला सॅच्युरेट (चुंबकीयदृष्ट्या संपृक्त) होत नाही ना, तेवढं तपासा.