‘पुनरुज्जीवन’ सुरू करा, म्हणजे नेमकं काय करा?

हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका परिचारिकाताईंचा प्रश्न आहे. विभागाच्या भिंतीवर लावायचा आणीबाणीचा सूचनाकागद त्या मराठीत करत आहेत. मसुद्यातलं पहिलं वाक्य असं: ‘हृदयस्तंभ झाल्यास तात्काळ पुनरुज्जीवन सुरू करावे, प्रथम तीन झटके, नंतर बाह्य हृदयमर्दन.’ यातले ‘पुनरुज्जीवन’ आणि ‘हृदयमर्दन’ हे शब्द बरोबर आहेत का, असं त्यांनी विचारलं आहे.

व्याकरणाने दोन्ही बरोबर. पण या कागदावर पहिला शब्द चालणार नाही आणि दुसरा चुकीच्या जागी बसला आहे. मसुद्यातले ‘झटके’ तर त्यांनी विचारलेही नाहीत, पण खरी गडबड तिथे आहे.

आधी पुनरुज्जीवन. पुनर् अधिक उज्जीवन. उज्जीवन म्हणजे उद् अधिक जीवन, ‘उज्ज्वल’मध्ये होतो तोच संधी. (‘जी’ दीर्घच. ‘पुनरुज्जिवन’ इतक्या वेळा छापून येतं की तेच शुद्ध वाटू लागलं आहे.) मराठीत आपण बुडालेल्या परंपरेचं, मोडकळीस आलेल्या संस्थेचं, लोप पावलेल्या कलेचं पुनरुज्जीवन करतो. म्हणजे हा शब्द झालेल्या कामाचा आहे. ‘कलेचं पुनरुज्जीवन केलं’ म्हटलं की कला परत उभी राहिली, हे त्यात आलंच. ज्या इंग्रजी शब्दासाठी तो इथे घेतला आहे, ते ‘रिससिटेशन’ तसं नाही. त्याचं लॅटिन मूळ ‘पुन्हा चेतवणे’ असंच असलं, तरी वैद्यकाच्या वापरात तो प्रयत्नाचा शब्द झाला आहे. माणूस वाचला नाही तरी रिससिटेशन केलेलं असतं. मराठीत ‘अर्धा तास पुनरुज्जीवन केलं, पण रुग्ण दगावला’ हे वाक्य वाचून पाहा. पहिला भाग दुसऱ्याला खोटं पाडतो. ‘पुष्कळ वाचवलं, पण वाचला नाही’ असं कोणी म्हणत नाही, तसंच हे. अहवालात ‘पुनरुज्जीवनाचे प्रयत्न’ लिहावं, म्हणजे प्रश्न मिटतो.

सूचनाकागदावर मात्र ‘प्रयत्न’ जोडूनही भागत नाही. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे, पण शब्द ठरवायचा तर क्रिया समजून घ्यावीच लागते, आणि इथली क्रिया नेहमीची नाही. इतरत्र हृदय बंद पडलं की लगेच छाती दाबायला लागायचं, हे प्रशिक्षण घेतलेल्या कोणाच्याही हातात बसलेलं असतं. ‘पुनरुज्जीवन सुरू करा’ वाचलं की त्याचे हात छातीवर जाणार. पण या रुग्णाच्या छातीचं मधलं हाड, उरोस्थी, नुकतंच कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं आहे. आत हृदयावर, महाधमनीवर ताजे टाके आहेत. जोराने दाबलं तर तिथेच इजा होऊ शकते. म्हणून युरोपातल्या हृदय-वक्ष शल्यविशारदांच्या संघटनेने 2009 मध्ये आणि अमेरिकेतल्या संघटनेने 2017 मध्ये या रुग्णांसाठी वेगळा क्रम सांगितला. मॉनिटरवर हृदयाची नुसती थरथर दिसत असेल आणि मिनिटाच्या आत शॉक देता येत असेल, तर आधी लागोपाठ तीनपर्यंत शॉक, मग दाबणं. सरळ रेष असेल आणि हृदयाला तात्पुरत्या पेसिंगच्या, म्हणजे विजेने ठोके पाडण्याच्या, तारा जोडलेल्या असतील, तर आधी पेसमेकर पूर्ण जोरावर. मॉनिटरवर ठोके दिसताहेत पण नाडी लागत नाही, अशा वेळी मात्र थांबायचं नाही, दाबायला लागायचं. जी कामं एका मिनिटात एकामागून एक करायची, त्या सगळ्यांवर ‘पुनरुज्जीवन’ हे एकच पांघरूण घातलं तर क्रमच झाकला जातो. तेव्हा या कागदावर हा शब्द फार तर मथळ्यात ठेवावा, आज्ञेत नको.

आता झटके. मराठीत झटका ‘येतो’, ‘बसतो’ आणि ‘देतात’. हृदयविकाराचा येतो, विजेचा बसतो, आणि हात सोडवायला हाताला देतात. (लहरी माणसालाही झटका येतो, पण तो वेगळ्या विभागाचा विषय.) क्रियापद शाबूत असेल तोवर गोंधळ होत नाही. पण सूचनाकागदावर पहिला बळी क्रियापदाचाच जातो. ‘प्रथम तीन झटके’ हे रुग्णाचं वर्णन आहे की उपचार? रात्रपाळीतल्या नव्या माणसाला ते ‘रुग्णाला आधी तीन झटके येऊन गेले असतील तर’ असंही वाटेल. ‘आघात’ घ्यावा, तर ‘हृदयाघात’ आधीच दबा धरून बसलेला. ‘धक्का’ वाईट नाही, पण तो नातेवाइकांनाही बसतो. इथे बिनदिक्कत ‘शॉक’ लिहावं. विजेचा शॉक मराठीत रुळून जमाना झाला, आणि त्या खोलीत सगळे तोच शब्द बोलतात.

‘हृदयस्तंभ’ही सोडून द्यावा. आयुर्वेदातल्या हनुस्तंभ, मन्यास्तंभ, ऊरुस्तंभ यांच्या चालीवर तो बेतलेला दिसतो, पण तिथे स्तंभ म्हणजे ताठरणं, जखडणं. थरथरणारं हृदय जखडलेलं नसतं. ‘हृदय बंद पडणे’ हा साधा प्रयोग पुरेसा आहे. ‘हृदयविकाराचा झटका’ आणि ‘हृदय बंद पडणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याने आपोआप स्पष्ट राहतं.

मर्दनाची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. मूळ धातू मृद्: दाबणे, चुरडणे, मळणे. त्यातून एकीकडे तैलमर्दन, अंगमर्दन आले आणि दुसरीकडे कालियामर्दन, गर्वमर्दन. ‘हृदयमर्दन’ ऐकून कोणीतरी हृदयाचा पराभव केला असं वाटलं, तर ऐकणाऱ्याला दोष देता येत नाही. ‘मालिश’ फारसी, मालीदन म्हणजे चोळणे. छाती दाबण्यात चोळणं कुठेच नाही. मग हा मसाज, मालिश, मर्दन आला कुठून? तर तो आला उघडलेल्या छातीतून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंद पडलेल्या हृदयावरचा उपाय म्हणजे छाती उघडून ते हातात धरून दाबणं. त्यालाच ‘कार्डिअ‍ॅक मसाज’ म्हणत. 1960 मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बाल्टिमोरहून दाखवलं की छाती न उघडता वरून दाबूनही रक्त फिरतं. नाव तेच राहिलं, पुढे फक्त ‘बाह्य’ लागलं. पुढे ही बाहेरची पद्धत इतकी पसरली की मूळच्या क्रियेलाच ‘अंतर्गत’ म्हणून ओळख द्यावी लागते. पूर्वी नुसता फोन होता, मोबाइल आल्यावर त्याला ‘लँडलाइन’ म्हणायची वेळ आली, तसंच.

ताईंच्या विभागात मात्र ही मूळची क्रिया जिवंत आहे. शॉक, पेसिंग यांनी हृदय चालू झालं नाही, तर पाच मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडायची, असा त्या नियमांचा रोख आहे. कारण बहुतेकदा सुटण्यासारखं असतं: कुठेतरी रक्तस्राव, किंवा हृदयाभोवती रक्त साठून ते आवळलं गेलेलं. ते मोकळं करायचं आणि दोन्ही हातांमध्ये हृदय धरून दाबायचं. तेव्हा बाहेरून ते ‘छाती दाबणे’ आणि आतून ते ‘हृदय दाबणे’, अशी जोडी ठेवावी. ‘मर्दन’ हवंच असेल तर ते आतल्या क्रियेला द्या. मृद् धातू तिथे शोभतो.

‘छाती पुन्हा उघडणे’ला ‘पुनरुरोस्थिच्छेदन’ असा शब्द मला एका मित्राने उत्साहाने सुचवला होता. संधी निर्दोष आहे. पण उच्चार पुरा होईतो पाचातलं एक मिनिट गेलेलं असेल. ‘खुल्या हृदयाची शस्त्रक्रिया’ही टाळा, ती खुल्या दिलाने केल्यासारखी वाटते. ‘हृदयशस्त्रक्रिया’ पुरे.

काहींना ‘संजीवन’ गोड वाटतं, ‘हृदय-संजीवन’ वगैरे. पण संजीवनी म्हटली की मुळी किंवा मंत्र, म्हणजे देण्याची वस्तू. आणि नेमकं या रुग्णांत हृदय बंद पडल्यावर नेहमी देतात ते एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन सरसकट देऊ नये, असं सांगितलेलं आहे. हृदय चालू होताच रक्तदाब उसळला तर टाके तुटतील, ही भीती. ज्या प्रसंगात औषधाचा हात आखडता घ्यायचा, त्याला संजीवनीचं नाव देणं बरं नव्हे.

तर माझ्या मते पहिलं वाक्य असं व्हावं: ‘हृदय बंद पडलं, मॉनिटरवर थरथर दिसते: मिनिटाच्या आत शॉक देता येत असेल, तर छाती दाबण्याआधी लागोपाठ तीनपर्यंत शॉक द्या. उपयोग झाला नाही, तर छाती दाबायला लागा आणि छाती पुन्हा उघडायची तयारी करा.’ सरळ रेष असेल तेव्हासाठी आणि नाडी लागत नसेल तेव्हासाठी वेगवेगळी वाक्यं करा, एकात कोंबू नका. प्रत्येकात क्रियापद ठेवा, ‘करण्यात यावे’ काढून टाका.

जाता जाता, मसुद्याच्या तळाशी साहित्याच्या यादीत ‘तारछेदक’ आहे. तो काढून ‘तार कापायची पक्कड’ लिहा. छाती उघडी धरून ठेवणारा रिट्रॅक्टर मात्र रिट्रॅक्टरच राहू द्या; त्या पेटीवर तेच नाव असणार.