किनाऱ्याशी रमलेल्या डॉल्फिनजवळ जावे का?

प्रश्न : आमच्या किनाऱ्याजवळ गेले काही आठवडे एक डॉल्फिन एकटाच वावरतो आहे. तो होड्यांच्या मागे येतो, पोहणाऱ्यांभोवती घिरट्या घालतो आणि माणसांना मुळीच बुजत नाही. मला उत्तम पोहता येते. त्याच्या जवळ कसे जावे? त्याला मासे दिले तर चालेल का? माझ्या दहा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावे का?
– एक वाचक

उत्तर : आपण त्याच्याजवळ जाऊ नये, तोच आपल्याजवळ आला तर हात आवरून शांत राहावे. माझे उत्तर खरे तर एवढेच आहे, परंतु असा प्राणी हातभर अंतरावर आला असताना हात पुढे न करणे अवघड असते, म्हणून त्यामागची कारणे सांगतो.

डॉल्फिन हा कळपात राहणारा प्राणी. त्यातला एखादा कळपापासून वेगळा होऊन किनाऱ्याजवळच्या लहानशा टापूत राहू लागतो आणि माणसांची सोबत शोधतो, असे जगात अनेक ठिकाणी घडले आहे. आयर्लंडमधील डिंगल बंदराच्या तोंडाशी ‘फंगी’ नावाचा डॉल्फिन १९८३ पासून २०२० पर्यंत होड्यांबरोबर खेळत राहिला. मात्र सगळ्यांच्या नशिबी इतके दीर्घ आयुष्य नसते. न्यूझीलंडमधील ओपोनोनी येथे १९५५-५६ च्या उन्हाळ्यात ‘ओपो’ नावाची तरुण मादी मुलांबरोबर चेंडू खेळू लागली आणि तिला पाहण्यासाठी झुंबड उडाली. तिला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि जवळपास त्याच वेळी, मार्च १९५६ मध्ये, ती मेलेली आढळली. ब्राझीलच्या किनाऱ्यावर १९९४ मध्ये ‘तियाओ’ या नराला लोकांनी इतके छळले, की त्याने अनेकांना जखमी केले आणि त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. छळच कारणीभूत असतो असेही नाही : जपानमधील फुकुईच्या किनाऱ्यावर अलीकडच्या काही उन्हाळ्यांत पोहणाऱ्यांना डॉल्फिनने चावे घेतले आणि २०२३ मध्ये एकाच्या बरगड्या मोडल्या.

डॉल्फिनचा चेहरा सदैव हसरा दिसतो तो जबड्याच्या ठेवणीमुळे. त्याच्या मनःस्थितीशी त्याचा काही संबंध नाही. किनाऱ्याजवळ सहसा दिसणारा बाटलीनाक्या डॉल्फिन पूर्ण वाढल्यावर तीन मीटरपर्यंत लांब आणि दोन-तीनशे किलो वजनाचा सहज असतो, त्यामुळे त्याने खेळात दिलेला धक्काही माणसाला महागात पडू शकतो. तो शेपटी पाण्यावर जोराने आपटू लागला, जबडा वाजवू लागला, तोंड उघडून समोर आला किंवा डोक्याला झटके देऊ लागला, तर तो चिडलेला आहे असे समजून सावकाश पाण्याबाहेर यावे. एकटे नर कधी कधी लैंगिक उत्तेजनेतून पोहणाऱ्याला अडवतात, दाबतात आणि किनाऱ्यापासून दूर ढकलत नेतात. पोहण्यातले कौशल्य अशा वेळी फारसे कामी येत नाही.

आपण पोहत असताना तो आलाच, तर त्याचा पाठलाग करू नये, त्याच्या वाटेत आडवे जाऊ नये आणि पर धरून ओढून घेण्याचा मोह टाळावा. डोक्यावरचे श्वासरंध्र हे त्याचे नाक आहे. तेथे हात लागला, तर त्याचा श्वास अडू शकतो. स्पर्शातून रोगजंतू दोन्ही बाजूंनी जाऊ शकतात, ही गोष्ट प्रेमापोटी कुरवाळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तो संथ गतीने, एकाच लयीत वर येऊन श्वास घेत असेल, तर बहुधा विश्रांती घेत असतो. डॉल्फिन झोपतो तेव्हा त्याचा निम्मा मेंदू जागाच राहतो, म्हणून तो पोहताना दिसतो आणि आपल्याला वाटते, की तो खेळायला मोकळा आहे. होडीत असाल, तर किमान पन्नास मीटर अंतर राखा. तो स्वतःहून शेजारी आला, तर वेग आणि दिशा एकाएकी बदलू नका.

मासे अजिबात देऊ नयेत. खाऊ मिळतो हे एकदा कळले, की डॉल्फिन प्रत्येक होडीकडे धावतो, प्रोपेलरने कापला जातो, गळ गिळतो आणि मासे न देणाऱ्याला चावतो. ऑस्ट्रेलियातील मंकी मिया येथे वर्षानुवर्षे हातून मासे घेणाऱ्या माद्यांची पिल्ले अधिक प्रमाणात दगावतात असे दिसून आले, तेव्हा तेथील खाऊ देण्यावर कडक बंधने आली. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार रानटी डॉल्फिनला खाऊ घालणे आणि त्रास देणे हा गुन्हा आहे. इतर अनेक देशांतही अशा स्वरूपाचे नियम आहेत, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर काय लागू आहे, याची चौकशी वन किंवा मत्स्य खात्याकडे करावी.

मुलीला पाण्यात नेऊ नका, पण तिला यातून वगळूही नका. उंच खडकावरून किंवा धक्क्यावरून दुर्बिणीने तो अधिक चांगला दिसेल. त्याच्या पाठीवरच्या पराच्या मागील कडेला असलेल्या खाचा तिला वहीत काढायला सांगा, कारण अभ्यासक एकेका डॉल्फिनची ओळख याच खाचांवरून पटवतात. तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह परांची स्पष्ट छायाचित्रे जवळच्या सागरी संशोधन संस्थेकडे पाठवली, तर तो कोणत्या कळपातला आहे, हे कळण्यास मदत होऊ शकेल.