वाचकांचे प्रश्न : दिवसभर राबणाऱ्या मुलीला आणखी व्यायाम कशाला?

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू बोलतो. माझे पती यंत्रमाग कारखान्यात पाळीवर जातात आणि मी घरी विड्या वळते. सोळा वर्षांची मुलगी अकरावीत आहे. शाळेत ती खो-खो खेळायची. दहावीच्या वर्षी आम्हीच ते बंद केले. काही महिन्यांपासून ती कोणाशी फारशी बोलत नाही, रात्री उशिरापर्यंत जागी असते आणि सकाळी तिच्याने उठवत नाही. तिच्या शिक्षिकांनी रोज व्यायाम सुचवला आहे. परंतु नळाला पाणी येते त्या दिवशी सगळ्या घागरी तीच वर चढवते. केर, धुणे आणि एक वेळचा स्वयंपाकही तिच्याकडेच आहे. एवढे राबणाऱ्या मुलीला वेगळा व्यायाम कशाला हवा? शिवाय ती संध्याकाळी मैदानावर दिसली की लोक बोलतात. – एक माता, अशोक चौक परिसर

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि व्यायामाचा सल्ला देणारे आम्ही लोक तो बहुधा टाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. तेवढ्यापुरते पाहिले तर पाण्याच्या दिवशी तुमची मुलगी हा हिशेब घागरींवरच पुरा करत असेल. मात्र मनाचा हिशेब त्याच वहीत मांडता येत नाही. फावल्या वेळात, स्वतःच्या इच्छेने केलेल्या हालचालीचा मन प्रसन्न राहण्याशी जसा संबंध अभ्यासकांना आढळला आहे, तसा तो घरकामाचा किंवा पोटासाठी केलेल्या श्रमांचा आढळत नाही.

यात गूढ काही नाही. घागर घेऊन जिना चढताना मुलीचे लक्ष नळ कधी जाईल याकडे असते. कॉलेजला उशीर होईल ही धास्ती वेगळीच. खो-खोत मात्र ती चौकोनात उकिडवी बसलेली असते, मागून पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो आणि त्या क्षणी उरलेल्या आठ जणींची सगळी भिस्त तिच्यावर असते. धावण्याने झोप सुधारते, ताण उतरतो हे खरेच. पण त्या आठ जणी दहावीच्या वर्षी तिच्या आयुष्यातून गेल्या, ही बाब मला तितकीच मोठी वाटते. (तुम्हाला दोष देत नाही. माझ्या मुलाची बॅट मीही दहावीला माळ्यावर टाकली होती.)

लोक बोलतात, हा अडसर एकट्या तुमच्या घरचा नाही. १४६ देशांतील ११ ते १७ वयोगटाच्या पाहणीत, २०१६ मध्ये पुरेशी हालचाल न करणाऱ्या मुलींचे प्रमाण ८५ टक्के आणि मुलांचे ७८ टक्के होते. मुली आळशी असतात म्हणून हे घडते, असे मी मानत नाही; त्यांना जागा, वेळ आणि सोबत या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्या लागतात. म्हणून तिला एकटीला पाठवू नका. तुमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या घरांतल्या तिच्या वयाच्या मुली असतीलच. त्यांच्यापैकी चार-पाच जणींच्या आयांशी आधी तुम्हीच बोला. एकटी मुलगी मैदानावर दिसली की चर्चा होते, पाच दिसल्या की लोक त्याला संघ म्हणतात. आपल्याकडचा उन्हाळा पाहता फेब्रुवारीनंतर सकाळी सातच्या आतली वेळ बरी. मैदान दूर असेल तर गच्चीवर दोरीवरच्या उड्याही चालतील. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवसांनी सुरुवात करा. मात्र त्या दिवसांच्या निम्म्या घागरी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, पाळी नसेल तेव्हा तिच्या वडिलांनीही, उचलल्या पाहिजेत. नाहीतर व्यायाम हे तिच्या यादीतले आणखी एक काम ठरेल. काय खेळायचे ते तिला ठरवू द्या.

एक गोष्ट मात्र व्यायामावर सोपवू नका. गप्प राहणे आणि झोप बिघडणे काही महिने चालले आहे, तेव्हा तिला शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात एकदा दाखवा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तो चोवीस तास चालू असतो. तेथे मराठीप्रमाणेच तेलुगूतही बोलता येते. जगावेसे वाटत नाही असे ती कधी बोललीच, तर ते चेष्टेवारी नेऊ नका, तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. रोज दोन तास जिममध्ये जातो. एक दिवस चुकला तरी अपराधी वाटते आणि जेवण नकोसे होते. मोबाइलवर दिसणाऱ्या मुलांसारखे शरीर काही होत नाही. रमजानमध्ये रोजे ठेवून व्यायाम करावा का? – एक विद्यार्थी, नई जिंदगी

उत्तर : तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. इफ्तारनंतर तास-दीड तासाने हलका व्यायाम कर, वजने कमी ठेव, इफ्तार ते सेहरीच्या दरम्यान थोडे थोडे पाणी पीत राहा आणि भर दुपारी घाम गाळू नकोस. चक्कर आली तर तिथेच थांब.

न विचारलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चुकलेल्या दिवसाची शिक्षा म्हणून जेवण टाळावेसे वाटू लागले, की व्यायाम मनाला बळ देण्याऐवजी मन पोखरू लागतो. मोबाइलवरची ती शरीरे प्रकाशयोजना, नेमका कोन आणि कित्येकदा औषधे यांतून घडलेली असतात. शिवाय स्नायू वाढतात ते विश्रांतीच्या काळात, ही गोष्ट जुन्या तालमीतला कोणताही वस्ताद तुला सांगेल. येत्या आठवड्यात एक दिवस ठरवून सुट्टी घे, त्या दिवशी तिन्ही वेळा पोटभर जेव आणि संध्याकाळी मित्रांबरोबर सिद्धेश्वर तलावाकडे नुसता फिरून ये. तेवढेही जड गेले, तर घरात ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येते त्यांना सांग आणि मला पुन्हा लिही.