आल्याचं विरजण थंड पडलं तर

साखर वाढवू नका. नवशिक्यांचा हात आधी तिकडेच जातो. जिंजर बिअरच्या विरजणाला (म्हणजे आलं, साखर आणि पाण्याच्या आंबवणाला) बुडबुडे येणं थांबलं की पहिल्यांदा बरणीला हात लावून पाहा. ग्वाल्हेरात पौषातल्या रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो, आणि तिथल्या लश्कर भागातल्या दगडी घरांचे ओटे तर सकाळी हात ठेववत नाहीत इतके गार! अशा गारठ्यात यीस्ट मरत नाही, झोपतं. बरणी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, शेजारी गरम पाण्याची बाटली. आत 24 ते 28 अंश हवेत. 40 च्या वर गेलात तर मात्र खेळ संपला.

दीड-दोन दिवसांत हालचाल नाही? मग पाणी बघा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टला मारक, म्हणून उकळून पूर्ण निवलेलंच घ्या. आलं सोलायचं नाही, नुसतं धुवायचं. रानटी यीस्ट सालीवरच असतं. अर्धा लिटरला रोज 1 चमचा किसलेलं आलं, 1 चमचा साखर, दोनदा ढवळणं. पांढरा पापुद्रा काढून टाकला की चालतं. हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळं फेका.

जिंजर बिअर भरताना प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची फुटते. दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये.