राउटरचे दिवे आणि त्यामागचा अडॅप्टर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे तीन-साडेतीन वर्षांपासून फायबरचे ब्रॉडबँड आहे. अलीकडे संध्याकाळी घरात सगळे असले की नेट जाते. राउटरवरचे सगळे दिवे एकदम विझतात आणि मग एकेक करून पुन्हा लागतात. कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याच्या मते लाइन उत्तम आहे. मग दोष कुठे आहे? आणि कोणता दिवा काय सांगतो?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातले ‘सगळे दिवे एकदम विझतात’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. बाहेरची लाइन तुटली तरी राउटर स्वतः बंद पडत नाही. त्याचा पॉवरचा दिवा स्थिर राहतो, फक्त पुढचे दिवे बदलतात. सगळेच दिवे एका क्षणी जातात, याचा अर्थ राउटरला मिळणारी वीज त्या क्षणी तुटते किंवा अपुरी पडते. लाइन उत्तम असल्याचे आपल्याला सांगितले गेले, ते बहुधा खरेच आहे.

दिवे नेहमी पॉवरपासून क्रमाने वाचावेत, कारण पुढचा प्रत्येक दिवा मागच्यावर अवलंबून असतो. पॉवरनंतर ‘पॉन’ पाहावा. फायबरच्या दुसऱ्या टोकाला कंपनीचे जे यंत्र असते, त्याने आपले यंत्र ओळखून नोंदवून घेतले की हा दिवा स्थिर हिरवा होतो. तो लुकलुकत असेल तर नोंदणीचा प्रयत्न अजून चालू आहे. सुरू केल्यानंतर पहिली एक-दोन मिनिटे तो लुकलुकणे स्वाभाविक आहे, त्या वेळी घाई करून बटण बंद-चालू करत राहू नये. त्याच्या शेजारचा ‘एलओएस’ विझलेला असणे चांगले. तो लाल होऊन लुकलुकू लागला, की फायबरमधून येणारा प्रकाशच पोहोचत नाही किंवा फारच क्षीण झाला आहे असे समजावे. बाहेर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, हे कारण आपल्याला चटकन सुचते. पण कपाट भिंतीला सरकवताना दबलेली किंवा खिळ्याभोवती करकचून बांधलेली पातळ वायर हे कारणही तितकेच नेहमीचे आहे. फायबरला बांगडीपेक्षा लहान वळसा कधीही देऊ नये. तेवढ्या वळणात काच तुटली नाही, तरी प्रकाश बाहेर निसटतो. तंत्रज्ञ आला तर त्याला मीटरवरचा आकडा विचारावा. घरापर्यंत येणारा प्रकाश साधारणपणे उणे 8 ते उणे 27 डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण) या मर्यादेत असावा लागतो आणि तो उणे 27 च्या जवळ असेल, तर आज चालणारी लाइन उद्या पावसात बंद पडू शकते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी : फायबरचे टोक काढून त्यात डोळा लावून पाहू नये. त्यातून येणारा 1490 नॅनोमीटरचा लेसर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

‘पॉन’ हिरवा आणि ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा विझलेला असेल, तर वायर ठीक आहे आणि अडचण लॉगिनची, संपलेल्या प्लॅनची किंवा कंपनीच्या यंत्रणेची आहे. ‘लॅन’ आणि वायफायचे दिवे फक्त घरातल्या जोडण्यांचे असतात; ते लुकलुकणे म्हणजे माहितीची ये-जा, बिघाड नव्हे. रंग आणि नावे मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात, क्रम मात्र हाच राहतो.

आता आपल्या अडचणीकडे वळू. राउटरला वीज पुरवणाऱ्या, प्लगमध्ये लावलेल्या अडॅप्टरच्या आत विजेतले चढउतार सपाट करणारे छोटे कपॅसिटर असतात. अडॅप्टर वर्षानुवर्षे चोवीस तास गरम राहतो आणि त्या उष्णतेने ते सुकत किंवा फुगत जातात. राउटरवर काम कमी असताना असा अडॅप्टर कसाबसा तग धरतो. संध्याकाळी तीन-चार मोबाइल आणि टीव्ही एकदम जोडले गेले, वायफायला जास्त वीज लागू लागली, की 12 व्होल्टचा दाब खाली येतो आणि राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मोकळ्या पिनला मल्टिमीटर लावला तर आकडा बरोबर 12 दिसेल आणि अडॅप्टर चांगला आहे असा गैरसमज होईल, कारण भार नसताना दाब पडत नाही. म्हणून तितक्याच व्होल्टचा दुसरा चांगला अडॅप्टर दोन दिवस लावून पाहणे, हीच घरच्या घरी करण्याजोगी खरी परीक्षा आहे. त्याआधी पिन खाचेत सैल तर नाही ना आणि एक्स्टेन्शन बोर्डाचा सॉकेट ढिला तर नाही ना, एवढे हलवून पाहावे. इतक्या किरकोळ भागामुळे लोक कंपनी बदलण्यापर्यंत जातात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : राउटरचा अडॅप्टर जळाला. घरात जुन्या सेट टॉप बॉक्सचा आणि लॅपटॉपचाही अडॅप्टर आहे. त्यातला एखादा चालेल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असे नाही. राउटरच्या तळाशी आणि अडॅप्टरच्या अंगावर बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते उजेडात धरून वाचावे. ‘इनपुट’समोरचे 100 ते 240 व्होल्ट हे आकडे आपल्या 230 व्होल्टच्या घरगुती विजेसाठी आहेत, आपल्याला ‘आउटपुट’ पाहायचे आहे. तिथला व्होल्टचा आकडा राउटरवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा मात्र तितकाच किंवा जास्त असावा, कारण राउटर लागेल तेवढाच प्रवाह घेतो. 12 व्होल्ट 1 अँपिअरच्या राउटरला 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर निर्धास्त लावता येतो. 12 व्होल्ट अर्ध्या अँपिअरचा लावला, तर वरच्या पत्रातल्यासारखीच लक्षणे दिसू लागतील. लॅपटॉपचे अडॅप्टर बहुतेक 19 व्होल्टच्या आसपासचे असतात. तो राउटरला मुळीच लावू नये, राउटर कायमचा जाऊ शकतो. सेट टॉप बॉक्सचे काही अडॅप्टर 12 व्होल्टचे, तर काही 5 व्होल्टचे असतात; तेव्हा वाचल्याशिवाय लावू नये.

आउटपुटच्या आकड्याशेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल, तर एकदिश प्रवाह मिळतो, आणि राउटरला तोच लागतो. नागमोडी रेघ असलेला अडॅप्टर बाजूला ठेवावा. जवळच एका ठिपक्याभोवती अर्धे वर्तुळ काढलेले असते. मधल्या ठिपक्याकडून निघालेली रेघ अधिक चिन्हाकडे जात असेल, तर पिनच्या आतला भाग धन आहे. राउटरवरही हेच चित्र असावे. नवा अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. फार हलका, चिन्ह नसलेला अडॅप्टर स्वस्त असला तरी चोवीस तास प्लगमध्ये राहणार आहे, हे विसरू नये.

प्रश्न : आमच्याकडे लोडशेडिंग असते. इन्व्हर्टर असूनही वीज जाताच राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मुलांचा ऑनलाइन तास तुटतो.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा एक छोटा खटका असतो. ‘यूपीएस’वर ठेवल्यास बॅटरीवर जाण्याचा खंड फार लहान होतो आणि राउटर तो सहसा सहन करतो. मात्र त्या स्थितीत इन्व्हर्टर दाबाचा लहान पल्लाच स्वीकारतो; त्यामुळे गावात दाब नेहमी कमी असेल, तर तो वारंवार बॅटरीवर जाईल. अशा घरांनी राउटरसाठी वेगळा मिनी यूपीएस घेणे चांगले. त्यावर 10,000 मिलिअँपिअर-अवर लिहिलेले असेल, तर आतल्या 3.7 व्होल्टच्या बॅटरीच्या हिशेबाने ते 37 वॅट-अवर होतात. थोडी घट धरून 8 वॅट खाणारा राउटर साडेतीन ते चार तास चालतो. त्याचा आउटपुटही राउटरच्या व्होल्टशी जुळवून घ्यावा.

एवढे करूनही वीज गेल्यावर नेट जात असेल, तर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ पाहावेत. फायबर थेट घरात आले असेल, तर वाटेतल्या प्रकाश वाटणाऱ्या डबीला वीज लागत नाही. तेव्हा हे दिवे बदलले, तर कंपनीच्या टोकाचा बॅकअप संपला असावा. स्थानिक केबलचालकाने मात्र चौकात किंवा जिन्यात विजेवर चालणारा स्विच (एका जोडणीतून अनेक घरांना नेट वाटणारे यंत्र) बसवून तिथून साधी तांब्याची वायर घरात आणली असेल, तर तो स्विच बंद पडेल आणि राउटरवरचा ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वायरचा, दिवा विझेल. अशा वेळी बॅकअप त्या स्विचला हवा, आणि तो देण्याची मागणी इमारतीतल्या सर्वांनी मिळून चालकाकडे लेखी करावी.