मिगचा गॅस: आर्गॉन, सीओटू की मिक्स?

आखाजीच्या सुटीत घरच्या जुन्या गाडीचा सडलेला पत्रा स्वतःच बदलायचा, असं ठरवणारे दर उन्हाळ्यात विचारतात. मिग म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत आणि वितळलेल्या जागेवर गॅस सोडत पत्रा जोडणारं वेल्डिंग. मशीन कोणाचंही असो, घोळ गॅसचाच असतो.

दुकानदार म्हणतो, शुद्ध आर्गॉन सगळ्यात भारी. घेऊ का? (भुसावळ)

गाडीच्या पोलादी पत्र्यासाठी नको. शुद्ध आर्गॉन ॲल्युमिनियमचा. पोलादावर त्याने आर्क (तार आणि पत्र्यामधली विजेची ज्योत) थरथरतो आणि वेल्ड पत्र्यात मुरण्याऐवजी दोरीसारखा वर बसतो. महाग ते चांगलं, हे विकणाऱ्याचं गणित झालं. आर्गॉनमध्ये ५ ते २० टक्के सीओटू असलेलं मिश्रण मागा. पत्रा पातळ तितकं सीओटू कमी बरं. बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा.

नुसत्या सीओटूवर भागेल? (पारोळा)

भागेल. छर्रे जास्त उडतील आणि पत्र्याला भोक लवकर पडेल, म्हणून ०.६ मिलिमीटरची तार घेऊन, जागा बदलत सुटे टाके मारा. आधी तेवढ्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर.

सीओटूच्या बाटलीवरचा दाबाचा काटा महिनाभर हललेला नाही. बाटली भरलेली समजू ना? (अमळनेर)

नाही. आत द्रव आहे तोवर काटा तापमान सांगतो, शिल्लक नाही. २० अंशांना तो ५७ बारच्या आसपास राहणार, बाटली अर्धी असो की भरलेली. वजन करा आणि बाटलीवर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव राहतच नाही आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा कुठे जातो ते सांगायला नको. बाटली सावलीत, उभी, साखळीने बांधलेली हवी. बाटलीच्या दाब-टेस्टची तारीख उलटली असेल तर पुरवठादाराला परत करा.

जुन्या सीओटू फायर एक्स्टिंग्विशरचा गॅस वापरू का? (शहादा)

नाही. त्यात तळापर्यंत नळी असते, द्रवच बाहेर येतो आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर खराब होतो.

उकाड्यामुळे कूलरसमोर काम करतो. वेल्डला छिद्रं पडतात. गॅसचा फ्लो मिनिटाला २५ लिटरवर नेला तरी तेच. मित्र म्हणतो, घासून पुट्टी भर, दिसत नाही. (धुळे)

आधी कूलर बंद करा. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये एवढंच गॅसचं काम, आणि तुम्ही तो वाऱ्यावर उडवताय. फ्लो वाढवून उपाय होत नाही. जोराचा गॅस नोझलपाशी घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. आडोशाला मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतात. नोझलमधले छर्रे काढा, पाइपच्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघा, पत्र्यावरचा रंग आणि गंज घासून चकचकीत करा.

पण शटर ओढून वारा अडवू नका. आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड. गळाले की खड्ड्यात साचतात, आणि आर्गॉनला तर वासही नसतो. दार उघडं ठेवा, आडोसा फक्त वेल्डपुरता करा.

आता पुट्टी. एका जुन्या जीपच्या दाराखालची पट्टी मी स्क्रूड्रायव्हरने खरवडली. बोटभर जाड पुट्टी निघाली आणि खाली वेल्डला अनारशासारखी जाळी पडलेली. दोन पावसाळे त्यात पाणी मुरलं होतं; स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. त्या गाडीतून रोज लेकरं शाळेत जात होती. छिद्रं पडलेला टाका घासून मुळापासून काढायचा आणि पुन्हा मारायचा. चासी, दाराखालची पट्टी, सीटबेल्टची जागा यांना घरी हात लावू नका. बॉडीचं काम जाणणाऱ्या कारागिराला आजच दाखवा, पावसाळ्यानंतर नाही.

जस्ताच्या पत्र्याचा धूर गूळ खाल्ल्यावर बाधत नाही, खरं का? (जामनेर)

खोटं. धूर छातीत जातो, गूळ पोटात. वेल्डच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा, तेही मास्क लावून. काम केलेल्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, छाती भरून आली, तर डॉक्टरकडे जा आणि दिवसभर काय वेल्ड केलं ते सांगा.